नेपाळ, क्रमांक सात

सोहारच्या कॅम्पात, मेसची टेबलं भिंतीला सरकवून,
सात देशांची गाण्याची स्पर्धा.
गुण मांडायला मी;
स्टोअरात माझं अक्षर बरं म्हणून.

भारताचं आधीच भांडण: मल्याळम की भोजपुरी?
शेवटी परकार उठला, दापोलीचा, एसीवाला,
म्हणाला, नुसता आलाप घेतो, भाषाच नको.
घेतला. मध्येच ठसका लागला. सहा गुण.

मग नेपाळ.
नेपाळ म्हणजे एकटा टेकबहादूर,
आणि टेकबहादूर ड्यूटीवर, गेट नंबर दोन.
तीनदा पुकारा झाला.
कुणीतरी वॉकीटॉकी माइकला टेकवला:
"गा भाई, वहीं से गा."

खरखर.
खरखरीच्या पल्याड एक बारीक आवाज,
चढणीवर पुढे गेलेला माणूस
मागच्याला हाक मारतो तसा.
शब्द कळत नव्हते. बांगलादेशच्या रांगेत
बिस्किटाचा पुडा फोडणारा हात थांबला.

कडव्याच्या मध्येच: "एक मिनट. ट्रेलर आया."
ब्रेकचा फुस्कारा, फाटकाची साखळी,
गाडीचा नंबर त्याने मोठ्याने वाचला
आणि सोडला होता तिथूनच
सूर उचलला.

नियम चौथा: गायक मंचावर हवा.
सुपरवायझरने बोट ठेवून दाखवला.
मी शून्य काढलं.
हात सावकाश फिरला, म्हणून
जरा जास्तच गोल आलं.

सकाळी गेटवर त्याने विचारलं, कितने?
मी म्हटलं, सगळं ऐकू आलं.
त्याने माझा पास उलटासुलटा करून पाहिला,
रोज पाहतो तसा,
आणि फाटक उघडलं.