नोंद: वारजे, बी विंग, पार्किंग

पहाटे सिक्युरिटीच्या गोरखनं बेल वाजवली.
"मॅडम, खाली वटवाघूळ आहे. चालतंय ते."

तीन रात्री पश्चिमेचा वारा
ताम्हिणीवरून आत घुसत होता.
गच्चीवरच्या पत्र्यांनी झोपू दिलं नव्हतं.

वटवाघूळ नव्हतं.
मूठभर काळपट पाखरू, कमरेवर पांढरं,
खडूचा डस्टर टेकवून उचलावा तसं.
पाकोळी म्हणावी, तर पाकोळीला असे पाय कुठले?
काडीसारखे लांब, बोटांत पडदे.
चोचीच्या वर एक बारीकशी नळी.
पुस्तक चाळलं. पानं ओली झाली. जमेना.

मग पुस्तक मिटून नुसतं पाहत राहिले.

दांडेकरांच्या स्कूटरखाली गळलेलं ऑईल
साचलेल्या पाण्यावर रंगीत पसरलं होतं.
पाखरू पंख उचलून धरायचं,
पाय लोंबते सोडायचं,
आणि त्या तवंगावर टप, टप, टप
पावलं आपटत सरकायचं,
चोच टेकते न टेकते.
तिथं टिपण्याजोगं काहीच नव्हतं.
तरी ते टिपत होतं.
ट्यूबलाइटमध्ये पायांचे पडदे पिवळे दिसले,
हळदीचं बोट लागल्यासारखे.

दुधाची पिशवी घेऊन तांडेलकाका थबकले.
हर्णैचे. बावीस वर्षं ट्रॉलरवर, आता मुलाकडं.
"हे हितं?
मासळीची आतडी धुतली की पाण्यावर तेल सुटतं.
कुठून वास लागतो, देव जाणे,
होडीच्या मागं येतंच.
पोहत नाही बघा, चालतं."
म्हटलं, काय म्हणता तुम्ही याला?
"खाता येत नाही, विकता येत नाही.
त्याला नाव कोण ठेवील?"

किचनच्या काट्यावर सव्वीस ग्रॅम.
ओंजळीत धरलं, तर जुन्या लोकरीचा वास,
खाली थोडा समुद्र.
वहीत लिहिलं: वादळी पाखरू.
खाण्याची रीत: पाण्यावर चालत.
पाणी: दांडेकरांचं.

बुटांच्या खोक्याला भोकं पाडून
काका सकाळच्या दापोली गाडीनं गेले.
कंडक्टरनं विचारलं म्हणे, आत काय?
"माहेरवाशीण," म्हणाले.

संध्याकाळी फोन आला. मागं लाटा.
"सोडलं. दोन पावलं चाललं.
मग एक लाट आली.
पुढचं नाही दिसलं मला,
चष्मा तुमच्याकडं राहिला."

फ्रिजवर आहे.
एका काचेवर तेलकट ठसा,
तीन बारीक बोटांचा.
अजून पुसला नाही.