पोचा

मलावीच्या सरोवरकाठी अतुपेले
वाळकी उसिपा मासळी मापून विकते.
मापाच्या डब्याला तळाशी पोचा,
आत आलेला, अंगठ्याएवढा.
तो तिने पाडला नाही.
काढलाही नाही, तीन वर्षं.

रविवारी देवळात
तिचा आवाज सगळ्यांच्या वर.

रात्री गुडघे टेकले की
दिवस उलटा चाचपत येते:
नवऱ्याला तोडून बोलले,
शेजारणीचं गिऱ्हाईक हाक मारून वळवलं…
पोच्यापाशी पोचली
की घाईनं आमेन.

आज आमेन ओठांवर येईना.
कंदील ओढला, डबा मांडीत,
आतून दगडाचे ठोके.
पोर जागं झालं.
"काय गं आई?"
"उद्यापासून नफा अंगठाभर कमी. झोप."

तळ अजून पुरता सपाट नाही.
मापावर ती
चार मासळ्या जास्त टाकते.