समुद्रसपाटीपासून सात खोकी

सावद्याच्या मालधक्क्यामागे, पिकवण केंद्राच्या पत्र्याला टेकून
एक गाव उभं आहे.
तलाठ्याकडे त्याचा उतारा नाही.
केळीच्या खोक्यांचे पुठ्ठे उलगडून, आतली बाजू वर करून
काढलंय ते; छापील घड
भिंतीकडे तोंड करून बसलेत.

सुरुवात बेचनची. जानेवारीत
थंडीनं केळी चरकली, भाव पडला,
तीन दिवस गाडी लागली नाही.
बसून बसून त्यानं कोळशानं एक नदी ओढली,
डावीकडून उजवीकडे.
म्हटलं, तापी अशी नाही वाहत भो,
ती मावळतीला जाते.
तो म्हणाला, मुनीमजी, तुमचीच उलटी आहे.
आमच्याकडची पाणी घेऊन उगवतीला जाते.
मग दोन्ही ठेवल्या.
त्या भेटतात कुठं, ते पुठ्ठ्यांच्या सांध्यात गेलं.
तिथं चिकटपट्टी आहे.

रुमली पावरा हौदावर घड धुते.
दुपारच्या सुट्टीत ती ओल्या हातानं आली,
आणि नदीच्या तळाशी
चार घरं काढली. कुडाची. दारात कोंबड्या.
पाण्यात? पोरं हसली.
ती म्हणाली, तिथंच आहेत.
धरण भरलं तेव्हा आम्ही निघालो,
घरं कुठं निघाली?
मग एका घरावर तिनं धूर काढला,
सरळ वर, दोन पुठ्ठे ओलांडून.
मासे त्याला वाट देतात.

भटिंड्याचा बलकार माल भरेपर्यंत दोन रात्री थांबला.
त्यानं फक्त रस्ता काढला.
पुठ्ठा संपला तर पत्र्यावर,
पत्रा संपला तर खाली फरशीवर.
हाक आली तेव्हा खडू तिथंच टाकून गेला.
आता हातगाड्या त्याच रस्त्यानं जातात,
दुसरीकडून जायला जागा असली तरी.

रहिवासी दाखला मागणारी खिडकी
कुणीच काढली नाही.
पोलीस पाटील आहे, पण झोपलेला;
त्याला उठवायचं नाही असं ठरलंय.

आणि तुमचं घर, मुनीमजी?
म्हटलं, अख्खं सावदा माझं,
मला काढून काय दाखवायचं?
रुमलीनं नुसती निळीची वाटी पुढं केली.

आमच्याकडे काही वर्षांनी भाट येतो, वही वाचतो.
पहिलं नाव पावागडच्या पायथ्याचं.
चौथ्या ओळीत: तिथून निघाले.
का, ते नाही लिहिलेलं.
शाई मात्र तिथं दाट आहे,
लिहिणारा थांबला असावा टाक टेकवून.

मी केळीचं झाड काढायला घेतलं,
ते तरी इथलं म्हणून.
निम्म्यात हात थबकला.
हिला कुठं बी असतं?
कुणीतरी कुठून तरी कंद खणून आणतो,
खड्ड्यात ठेवतो, माती लोटतो.
तरी पुरं केलं. छोटंसं आहे, चिकटपट्टीपाशी.
शोधायला जाऊ नका.

वेशीवर पिवळी पाटी आहे, स्टेशनासारखी.
नावाची जागा कोरी,
कारण नावावरून हाणामारी व्हायची राहिली.
खाली मात्र रीतीप्रमाणे
समुद्रसपाटीपासून उंची.
कोणता समुद्र? रुमलीच्या पोरीनं विचारलं.
कुणीच पाहिलेला नव्हता.
मग खोकी रचून मोजलं. सात.

परवा ऐन भरतीत खोकी कमी पडली
आणि घाईत भिंतीवरचं एक गेलं.
धुराचं.
घरं इथं राहिली, धूर दिल्लीला निघाला,
घडीत घडी मिटून, केळ्यांच्या अंगाला लागून.
मंडईत कुणी उघडेल, घड उचलेल,
आणि तळाशी त्याला एक काळी रेघ दिसेल,
कुठूनही न निघालेली.

मी जावक वहीत लिहिलं: खोकं, एक.
पुढचा रकाना, गाव.
टाक टेकवून
थोडा बसलो.