लिहून घेणार

येसूनं खरेदीखत ठेवलंय
मासळीच्या थर्माकोल पेटीत.
उधाण घरात शिरलंच
तर कपाट बुडेल, पेटी तरंगेल.

दापोलीच्या कचेरीत कारकुनानं
नाकाला रुमाल लावून कागद उलटला.
मुद्रांक आहे, अंगठा आहे.
‘दस्त क्रमांक कुठाय, मावशी?
हे घर नोंदलंच नाही.’
लिहून देणार: मयत.
लिहून घेणार: समोर उभी,
पिशवीत बावीस वर्षांच्या घरपट्टीच्या पावत्या.

हर्णैला उतरली तेव्हा ओहोटी.
वाळूवर कलंडलेली त्यांची होडी,
नाळेवर नंबर, हातभर अक्षरांत,
दर नारळीपुनवेला नव्यानं रंगवलेला.

उरलेला पांढरा रंग घेऊन
दाराच्या चौकटीपुढं ती उभी राहिली.
ब्रश वाळला.

मग कागद पुन्हा पेटीत,
वर झाकण, झाकणावर दगड.
दगड काढला.
तरंगायला हवी ना.