पहिले तीन सेकंद

आवाज फक्त सकाळचा.
चावी फिरवली की तीन सेकंद
पत्र्याच्या डब्यात कुणी खिळे हलवावेत तसा.
मग तेल वर चढतं
आणि इंजिन साळसूद होतं.

म्हणून सानपाड्याच्या वैद्यबाईंनी
गाडी रात्रीच आणून लावली
रबाळ्याला, आमच्या शटरसमोर.
"थंड इंजिन खोटं बोलत नाय," बाबा म्हणाले.

सहाला बोनेट उघडलं.
रात्रपाळीची माणसं डबे हलवत घरी निघालेली.
बाबांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चेनकव्हरवर टेकवलं,
मूठ कानामागच्या हाडाला.
मी सेल मारला.
ते डोळे मिटून उभे, आवाज संपल्यावरही.
मग बंद करायला लावलं
आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला.

बावीस वर्षं प्रेस शॉप.
त्यावर आम्ही घरात बोलत नाही,
टीव्हीचा आवाज वाढवतो.

पुन्हा सेल.
हाडातून थेट दाढेपर्यंत आलं ते.
"टेन्शनरच्याच बाजूला," मी म्हटलं.
ते पान्याकडे वळलेसुद्धा.

आधी खुणा: क्रँकला एक, कॅमला दोन.
टूलबॉक्समधली लाल नेलपॉलिश आईची,
घट्ट झाली की थिनर टाकून चालवतो.
मग दोन बोल्ट, दहा नंबर,
आणि तळहातावर अंगठ्याएवढा तो तुकडा, तेलकट, गरीब.
"दाते मोज."
पाच बाहेर.
म्हणजे चेन फार लांबलेली नाही.
"आता दाब."
दाबला, तर दबला.
दबायला नको होता.
"चेनीचा दोष नाय गो. धरणारा थकलाय."

नवा तुर्भ्याहून आला, अकरा वाजता,
पोटात पिन खोचलेला, श्वास रोखल्यासारखा.
बसवला. बोल्ट आवळले.
पिन ओढली.
टक.
हे त्यांनी बोटांनी ऐकलं, मला दिसलं.

क्रँक हाताने फिरवायचा, दोन पूर्ण फेरे,
घड्याळाच्याच दिशेने.
"चुकलीस तरी मागे नको येऊस,
पुन्हा आख्खा फेरा घे."
खांदा भरून आला.
लाल ठिपके एकेक करत जागेवर आले.

दुपारी वैद्यबाईंचा फोन: झाली का?
बाबा म्हणाले, उद्या.
झाली तर आहे, मी म्हटलं.
"गरम इंजिनला काय विचारायचं?"

दुसऱ्या दिवशी सहा. बोनेटवर दव.
आज स्क्रूड्रायव्हर काढलाच नाही त्यांनी.
कव्हरवर नुसता पंजा ठेवला
आणि काचेतून माझ्याकडे बघत राहिले,
इंजिनकडे नाही.

चावी.
एक.
दोन.
तीन.
चौथा मी उगाच मोजला.

"गेला का गो?"

"गेला," मी म्हटलं,
लागत होतं त्याहून जरा मोठ्याने.