टोटल

मतदानाच्या दिवशी आम्हाला दीड तासाची सवलत.
राजवाड्याच्या मागून बाहेर पडलो,
शाळेत रांग धरली,
बटण दाबलं, कुणाचं ते सांगत नाही,
येताना पावशेर भडंग घेतलं
आणि तीनच्या गिनतीला परत फाटकात.

सिद्राम ऐवळे गजाला टेकून बसलेला.
"हवालदार, बोट बघू."
मी डावा हात पुढं केला.
शाईकडं तो बघत राहिला
लग्नात दुसऱ्याच्या बायकोचा दागिना बघावा तसा,
हात न लावता.

मार्केट यार्डातला हमाल. हळदीची दोन पोती,
कागदावर एवढंच.
चोरली की नाही, हे कोर्टानं अजून विचारलेलं नाही.
सतरा महिने तारखा पडतात,
कधी साहेब रजेवर, कधी आमच्या गाडीला डिझेल नाही.
आला तेव्हा त्याची नखं पिवळी होती.
आता आमच्यासारखीच झालीत.
"आत घेताना दहाच्या दहा बोटं काळी केली की माझी," म्हणाला,
"तवा नव्हतं शाईचं वावडं."

दोन नंबरात धैर्यशील आहेत.
'आहेत' म्हणतो, सवयीनं.
तेही कच्चेच कैदी. खंडणी, हाफ मर्डर,
शिवाय विधानसभा.
मशीनवर नाव आहे, फोटोसकट.
बाहेर पोस्टरवर हसतायत,
आत डाळीला मीठ नाही म्हणून ताट सरकवतायत.
तुरुंगातनं निवडणुकीला उभं राहता येतं.
तुरुंगातनं रांगेत उभं राहता येत नाही.
कायद्यात ही दोन उभं राहणं वेगळी आहेत,
ट्रेनिंगात कुणी सांगितलं नव्हतं.

पण मी काही साधू नाही.
तीन नंबरात एक म्हातारा आहे,
सुनेवर रॉकेल ओतलं म्हणतात, निकाल व्हायचाय.
माझ्याशी क्रिकेटचं बोलतो, गोड बोलतो.
त्याच्या बोटाला शाई लागावी असं मला वाटत नाही.
वाटत नाही ते वाटत नाही.
मग सिद्रामच्या बोटाला लागावी
हे कुठल्या तोंडानं म्हणू?
दोघांना किल्ली एकच,
आणि ती माझ्या कमरेला.

पुराच्या साली कृष्णा आत आली होती.
आयर्विनवरचे आकडे बुडत चालले
तसे आम्ही सगळ्यांना माडीवर चढवलं.
रजिस्टरांची पेटी एका खुन्यानं डोक्यावर घेतली,
गळ्याएवढ्या पाण्यातनं कोरडी पोचवली.
त्यातच त्याचंही पान होतं.
त्या रात्री दर तासाला मोजत होतो.
एक जरी कमी भरला असता
तर पुण्या-मुंबईपर्यंत फोन वाजले असते,
एवढी किंमत एकेका डोक्याची.

एरवीही दिवसातनं तीनदा मोजतो.
झोपलेला मोजतो, तापानं फणफणलेला मोजतो,
जामीन झालाय पण कागद पोचला नाही, तोही मोजतो.
पाच वर्षांनी सगळा देश माणसं मोजायला बसतो
तेव्हा आमचं रजिस्टर कुणी मागत नाही.

"आमच्या गल्लीत दोन महिने झालं नळाला पाणी न्हाई,"
सिद्राम म्हणाला, "मुलाखतीला आली तवा बायको सांगत हुती.
कुणाला सांगायचं वो?"
मी गप्प.
"तुमी सांगा की," म्हणाला, "तुमचं ऐकत्यात."
आणि पुन्हा बोटाकडं बघितलं.
खायचं गजातनं आत द्यायचं नाही, नियम आहे.
भडंगाची पुडी दिली.
त्यानं त्यातलं मूठभर मलाच परत दिलं.

दिवे लागले. बॅरकीपुढं रांगा बसल्या, दोन-दोन.
मी डावखुरा, बोट दाखवत मोजायची सवय.
दोन, चार, सहा,
निळ्या रेघेचं बोट एकेका कपाळावरून पुढं सरकत होतं.

सिद्रामपाशी आलो
तेव्हा हात बदलला.

टोटल बरोबर आली.