हद

मार्केट यार्डाच्या मागच्या गेटासमोर माझा गाळा.
सुगंधाकाकू मगदूम आल्या, बारदानाच्या पिशवीत लॅपटॉप,
आजारी कोंबडं आणावं तसा काखेत धरून.
"यास्मिन, बघ की गं जरा.
चार दुकानं झाली, म्हणत्यात वायरलेसचं कार्ड गेलंय.
जावई म्हणतोय भंगारात घाला."

उलटा केला, हलकेच आपटला,
टेबलावर हळद पडली.
अडत दुकानातली बारा वर्षं, प्रत्येक बटणाखाली चिमूट चिमूट.
टचपॅड एका कोपऱ्यात झिजून गुळगुळीत,
पण काकांनी तो सोडून दिला असावा;
हळदीच्या बोटांना ते कातडं ओळख देत नसे.
जी, एच, बी यांच्या बेचक्यातला रबरी ठिपका मात्र
वापरून वापरून टक्कल पडलेला.

आणि ळ नाही.
चिकटवलेल्या मराठी अक्षरांतलं ते एकच बटण
मुळासकट उपटलेलं, खाली नुसतं भोक.

खोलला. स्क्रीनच्या कडेनं वर गेलेल्या दोन तारा,
एक काळी, एक पांढरी,
बिजागरीतून खाली कार्डापर्यंत शाबूत.
कार्डाला काहीसुद्धा झालं नव्हतं.
मग पुढच्या काठावर, मनगट टेकतं तिथं खाली,
नखाएवढी एक खिटी सापडली.
सरकवली.
नारिंगी दिवा निळा झाला.

काकू बघतच राहिल्या.
"एवढंच?"
"एवढंच. बंद करून ठेवलं होतं कुणीतरी."
"कुणीतरी काय. रोज रात्री गाळ्याचं शटर वडायच्या आधी
हे पण बंद करायचे.
म्हणायचे, उगं हवेत कशाला सोडायचं."

मशीन जुनी नावं पुटपुटू लागलं,
आपण ज्यांच्याशी कधीकाळी जोडलो होतो ती.
गाळा चौदा. सौदा हॉल.
तासगावच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचं.
लेकीच्या हॉस्टेलचं.
मिरजेच्या दवाखान्याचं, तिसरा मजला.
काकूंचं बोट तिथं थांबलं.
"तिसऱ्या मजल्यावर तर आम्हाला नेलंच नव्हतं.
आम्ही तळमजल्यावर होतो. शेवटी."
मी पंखा बंद केला. का केला कुणास ठाऊक.

मग त्यांनीच एक फाइल उघडायला सांगितली,
आवकीची. ळ नसलेली.
हद, राजापुरी, चाळीस पोती, तिथं चाळीससुद्धा चास.
पुढं गुळाच्या ढेपांची नोंद आली,
ती वाचताना काकूंना असं हसू फुटलं
की पदर तोंडात घालावा लागला.
"हे असलं व्यापाऱ्यांना पाठवत होते व्हय!"
हसता हसता शेवटच्या ओळीवर आल्या:
जुनी हद संपली. नवीन येईपर्यंत थांबावे.

बाहेर हमालांनी टेम्पोला फळी लावली.

"ळ बसवू का, काकू? जुन्या कीबोर्डातला आहे माझ्याकडे."
"बसव," म्हणाल्या. "नातीला लागंल.
पर ही हद हाय तशी ऱ्हाऊ दे. दुरुस्त करू नगंस."

ळचे पन्नास घेतले. खिटीचे काय घ्यायचे?
जाताना त्यांनी ती चाचपली,
मागं सरकवली, निळा गेला, नारिंगी आला,
आणि पिशवीचं तोंड सुतळीनं बांधलं.

मी साबणानं तीनदा हात धुतले.
रात्री भाकरी मोडताना
अंगठ्याचं नख पिवळंच होतं.